शेजारीच जमीनदार

सप्टेंबर १९२३ मध्ये स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस बेटावर तिथल्या जमीनदाराने लोकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. मी हे बेट सोडून चाललो आहे, जाताना जमीन तुम्हांलाच देऊन जातो, मोबदला नको. हा जमीनदार म्हणजे लॉर्ड लेव्हरह्यूम, मूळचा साबणवाला विल्यम लेव्हर. त्याच्या कारखान्यातल्या ‘सनलाइट’ची खोकी १८८८ साली कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरली होती. १८९५ साली आलेला तांबडा ‘लाइफबॉय’ तर मराठी घरांतल्या मोरीत पिढ्यान् पिढ्या राहिला.

बेटावरच्या बहुतेक शेतकऱ्यांनी ही जमीन नाकारली. स्टॉर्नोवे या बंदराच्या गावाने आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांनी मात्र ती घेतली, आणि त्यातून स्टॉर्नोवे ट्रस्ट उभा राहिला. सुमारे ६९,००० एकर जमीन, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून जास्त, शंभर वर्षांहून अधिक काळ या ट्रस्टकडे आहे. तिथे राहणारे लोक मतदान करून विश्वस्त निवडतात.

आपल्याकडे ‘ट्रस्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती देवस्थानाच्या किंवा शाळेच्या दारावरची संगमरवरी पाटी, तिच्यावरची नावं, आणि ती नावं बदलायची वेळ आली की धर्मादाय आयुक्तांकडे पडून राहणारे बदल अर्ज. स्टॉर्नोवेच्या विश्वस्ताला ज्याच्या जमिनीचा निर्णय करायचा तोच त्याला मत देतो, आणि तोच त्याचा शेजारीही असतो. या खुर्चीत बसणं किती अवघड आहे, हे मला त्या बेटाचा इतिहास वाचताना हळूहळू कळत गेलं. तो इतिहास आपल्या मुंबईपासून सुरू होतो, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

१८४४ साली लुईस बेट विकत घेतलं जेम्स मॅथेसन याने. कलकत्त्यात काकाच्या पेढीवर धंद्याचे धडे गिरवलेला हा माणूस पुढे कँटनला गेला आणि तिथे विल्यम जार्डिनचा भागीदार झाला. १८३२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ‘जार्डिन मॅथेसन’ पेढीची कमाई मुख्यतः अफूची. माळव्यात पिकलेली अफू मुंबईहून चीनला जाई, आणि मुंबईत या पेढीचा सर्वांत मोठा व्यापारी सहकारी होता जमशेटजी जीजीभॉय. त्याच व्यापारातल्या पैशाचा एक वाटा भायखळ्याला १८४५ साली उघडलेल्या जे. जे. रुग्णालयात गेला. दुसरा वाटा स्टॉर्नोवेच्या बंदरासमोरच्या टेकडीवर गेला. तिथे मॅथेसनने लूज कासल नावाचा वाडा बांधला आणि उघड्याबोडक्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर झाडं लावली. आजही लुईस ज्यात मोडतं त्या द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं जंगल तेच. माळवा, मुंबई, कँटन आणि स्टॉर्नोवे ही चार नावं एका ओळीत लिहिताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. या गावाची आपल्याशी आणखीही एक ओळख आहे. दक्षिणेतले शिलालेख आणि हस्तलिखितं गोळा करणारा, भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी याच स्टॉर्नोवेत जन्मला होता.

मॅथेसनने दुष्काळात धान्य वाटलं, रस्ते बांधले, आणि १८५१ पासूनच्या काही वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं. पण बेटावरचा माणूस मॅथेसनला क्वचितच बघत असे. त्याची गाठ पडे ती फॅक्टरशी, म्हणजे जमीनदाराच्या कारभाऱ्याशी. कोकणातल्या वाचकाला इथे खोताचा कारभारी आठवेल. मॅथेसनचा फॅक्टर डोनल्ड मन्रो याने कारभारीपणाबरोबर बेटावरची कितीतरी अधिकारपदं स्वतःकडे घेतली होती. सरकारी वकील तोच, गरीब-मदत मंडळाचा अध्यक्षही तोच. म्हणजे जमिनीवरून काढणारा आणि काढल्यावर न्याय मागायला जायचं तो दरवाजा, दोन्ही एकच. १८७४ साली बर्नेरा या लगतच्या बेटावरच्या लोकांचं गायरान त्याने पुन्हा एकदा हिरावून घ्यायचं ठरवलं आणि अठ्ठावन्न कुटुंबांवर नोटिसा काढल्या. नोटीस बजावायला आलेल्यांशी झटापट झाली. त्यानंतर दीडशेच्या आसपास माणसं वाजंत्र्याला पुढे घालून स्टॉर्नोवेच्या वाड्यापर्यंत चालत आली आणि त्यांनी मॅथेसनला गाठलं. मॅथेसन म्हणाला, मला यातलं काही माहीत नव्हतं. झटापटीबद्दल तिघांवर खटला चालला, तिघेही सुटले, पुढच्या वर्षी मन्रोची गादी गेली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते मॅथेसनचं उत्तर. मालक दूर असला की माहिती नसणं ही त्याची सोय होते. पुढे ट्रस्ट आला तेव्हा ही सोय कायमची संपली. विश्वस्ताला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणताच येत नाही, कारण ज्याचं कुंपण मोडलं आहे तो त्याला सकाळी दुकानात भेटतो.

बर्नेराच्या झटापटीनंतर बारा वर्षांनी, १८८६ साली, ब्रिटिश संसदेने क्रॉफ्टर कायदा केला. ‘क्रॉफ्ट’ म्हणजे खंडाने कसायचा छोटा तुकडा, त्याच्याबरोबर गावच्या सामाईक गायरानातला हक्क. कायद्याने क्रॉफ्टरला तीन गोष्टी दिल्या: त्याला सहजासहजी काढता येणार नाही, खंड न्याय्य असेल, आणि तुकडा वारसाला जाईल. आपल्याकडच्या कूळकायद्याच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल, पण एक फरक आहे. इथे कूळ मालक झालं नाही. जमीन जमीनदाराचीच राहिली, फक्त त्याच्या हातातला चाबूक काढून घेतला गेला. पुढे स्टॉर्नोवे ट्रस्ट जमीनदाराच्या जागी आला तेव्हा क्रॉफ्टरांचे हे सगळे हक्क त्याच्यावर जसेच्या तसे बंधनकारक राहिले.

लेव्हरह्यूमने १९१८ साली बेट घेतलं ते बेटाचं कल्याण करायच्या जिद्दीने. मासेमारी, डबाबंद माशांचे कारखाने, बर्फ, रेल्वे, आणि मासे विकायला ब्रिटनभर शेकडो दुकानं. दुकानं त्याने खरोखर उघडलीही. अडचण जमिनीची होती. महायुद्धात बेटावरचे सहा हजारांच्या वर लोक लढायला गेले आणि हजाराच्या आसपास परत आले नाहीत. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे घरी परतणाऱ्या खलाशांना घेऊन येणारी ‘आयोलेअर’ ही बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून २०१ जण बुडाले. घराचे दिवे दिसत असताना. युद्धातून परतलेल्यांना सरकारने जमिनीचं आश्वासन दिलं होतं. लेव्हरह्यूमला कॉल आणि ग्रेस ही शेतं स्टॉर्नोवेला दूध पुरवायला अखंड हवी होती. लोकांनी त्या शेतांत गुरं घातली, खुंट्या ठोकून तुकडे आखले. मार्च १९१९ मध्ये ग्रेसच्या पुलाशी सभा झाली. लेव्हरह्यूमने आपली स्वप्नं मांडली. त्या सभेला हजर असलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने नंतर लिहून ठेवलं की गर्दीतल्या क्रॉफ्टरांनी नम्रपणे पण ठाम उत्तर दिलं: तुमच्या योजनांना आमचा विरोध नाही, पण आम्हांला आधी थोडीशी जमीन हवी, भोंग्यावर चालणारं आयुष्य नको.

चार वर्षं ओढाताण झाली. १९२३ च्या एप्रिलमध्ये ‘मेटॅगामा’ हे जहाज तीनशेच्या आसपास तरुण-तरुणींना घेऊन स्टॉर्नोवेहून कॅनडाला निघालं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये लेव्हरह्यूमने हात टेकले आणि जमीन देऊ केली.

खेड्यांनी ती का नाकारली, याचा विचार करताना आपण चटकन त्यांना अडाणी ठरवू. तसं नव्हतं. कायद्याखाली कूळ म्हणून क्रॉफ्टर सुरक्षित होता, खंड कमी होता. मालक झाल्यावर मालकाचा कर त्याच्या गळ्यात पडणार आणि कुळाचं संरक्षण जाणार. लहान तुकड्याचा मालक होण्यापेक्षा मजबूत कूळ असणं परवडतं, हा हिशेब त्यांनी बरोबर केला होता. फारच थोड्यांनी आपापले तुकडे नावावर करून घेतले. बाकीचं बेट विकलं गेलं. स्टॉर्नोवे भागात मात्र तुकडे वाटायचा प्रश्नच नव्हता. तिथे सगळी जमीन एकत्र एका संस्थेकडे देण्यात आली. क्रॉफ्टर क्रॉफ्टरच राहिला, जमीनदार बदलला, आणि तो जमीनदार म्हणजे निवडून आलेली शेजारीपाजारी माणसं. हक्क कुळाकडे, मालकी सगळ्यांकडे, ही रचना १९२३ साली जगात फार ठिकाणी नव्हती.

आता ही माणसं नेमकं काय करतात? बहुतेक काम रोजच्या कटकटीचं आहे. कुणाला घरासाठी जागा हवी असते, कुणाला गायरानाच्या कडेने रस्ता, कुणाला पीट खणायची जागा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला काळा, शेवाळी थर. तो विटांसारखा कापून वाळवला की आपल्या गोवऱ्यांसारखा जळतो. क्रॉफ्टचा वर्षाचा खंड इतका किरकोळ असतो की त्यावर ट्रस्ट चालत नाही. खरं उत्पन्न येतं दुकानं, गोदामं, बंदराजवळच्या जागा यांच्या भाडेपट्ट्यांतून, आणि ट्रस्टची कसोटी लागते ती भाडं किती घ्यायचं इथे. जास्त घेतलं तर गावातलं दुकान बंद पडतं, कमी घेतलं तर वाड्याभोवतीच्या जंगलाची राखण परवडत नाही. त्या जंगलात मॅथेसनच्या काळी हौसेने लावलेलं जांभळ्या फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन आता इतकं माजलं आहे की त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. ते उपटणं हे पिढ्यांचं काम आहे.

फॅक्टरची जागा अजून आहे. तो आता ट्रस्टचा पगारी नोकर असतो. जमिनीचे नकाशे, करार, हद्दी हे सगळं त्याच्याकडे. विश्वस्त संध्याकाळी आपापली कामं उरकून बैठकीला येतात, म्हणून नोकर विश्वस्तांपेक्षा जास्त जाणतो. अशा संस्थांमध्ये सगळीकडे हा ताण असतो. चांगला कारभारी विश्वस्तांना माहिती देतो आणि मग गप्प बसतो. माहिती देताना निर्णयही देऊन टाकणारा कारभारी असला की लोकांनी निवडलेली माणसं फक्त सह्या करणारी उरतात.

काही निर्णय पैशांचे नसतातच. लुईसवर रविवार पिढ्यान् पिढ्या कडक पाळला गेला. प्रेस्बिटेरियन चर्चचा प्रभाव इतका, की पूर्वी रविवारी कपडेसुद्धा दोरीवर वाळत घालत नसत. वाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान ट्रस्टच्या जमिनीवर आहे. रविवारी तिथे खेळू द्यायचं का, हा प्रश्न विश्वस्तांपुढे पुन्हा पुन्हा आला. काहींना वाटतं, खेळायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. काहींना वाटतं, आमच्या जमिनीवर आमचा वार राखणं हाही आमचा हक्क आहे. मला व्यक्तिशः पहिलं पटतं. पण हा वाद लंडनमधल्या कुठल्या जमीनदाराने निकालात काढला नाही, तो गावातच भिजत राहिला, याची किंमत मी कमी समजणार नाही.

या ट्रस्टपुढचा सर्वांत मोठा पेच वाऱ्यातून आला. अटलांटिकवरून येणारा वारा बेटावर वर्षभर वाहतो, आणि पवनचक्क्यांसाठी युरोपात यापेक्षा चांगल्या जागा थोड्या असतील. स्टॉर्नोवे ट्रस्टने मोठ्या कंपन्यांशी भाडेपट्टा केला. त्यातून छत्तीस पवनचक्क्यांच्या प्रकल्पाला २०१२ साली परवानगी मिळाली. विश्वस्तांचा युक्तिवाद असा: बेटाची वीज मुख्य भूमीला न्यायची तर समुद्राखालून मोठी केबल लागेल, आणि मोठा प्रकल्प असल्याशिवाय ती केबल कुणी टाकणार नाही. मेलबॉस्ट, सँडविक, एग्निश या बाजूच्या चार वस्त्यांतल्या क्रॉफ्टरांचा युक्तिवाद वेगळा: हे आमचं गायरान आहे, इथे आमच्याच पवनचक्क्या उभारू, म्हणजे फक्त भाड्यातला वाटा मिळण्याऐवजी सगळा नफा गावात राहील.

त्यांच्या म्हणण्याला पुरावा डोळ्यांसमोर होता. जवळच ‘पॉइंट अँड सँडविक ट्रस्ट’ या विकास ट्रस्टने बेन घ्रीडिग टेकडीवर तीन पवनचक्क्या उभारल्या होत्या, एकूण ९ मेगावॉट. २०१५ साली त्या चालू झाल्या. त्या ज्या गायरानावर आहेत ते स्टॉर्नोवे ट्रस्टच्याच मालकीचं. त्यांच्या कमाईतून स्टॉर्नोवेच्या बेथेस्डा हॉस्पिसला, म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला, नेमाने मदत जाते. तीन चक्क्यांनी एवढं होतं, तर आपणच का नाही, असा वस्त्यांचा प्रश्न होता. वाद क्रॉफ्टिंग कमिशनपर्यंत आणि लँड कोर्टापर्यंत गेला. लोकांनी निवडलेला ट्रस्ट एका बाजूला आणि त्याच लोकांतले क्रॉफ्टर दुसऱ्या बाजूला.

हे वाचून अनेकांना वाटेल की प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असू शकतं. ६९,००० एकरांवर राहणारे सगळे क्रॉफ्टर नाहीत. शहरात भाड्याने राहणारी परिचारिका, बंदरावरचा कामगार, शाळेतला शिपाई यांचंही मत ट्रस्टला मिळतं. गायरानात हक्क क्रॉफ्टरांचा, पण जमीन या सगळ्यांची. आपल्याकडे गावठाणातल्या भूमिहीनाचा गायरानावर हक्क किती, हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा पेच लगेच कळेल. माझा आक्षेप एवढाच आहे की कंपनीशी करार करण्याआधी वस्त्यांशी पुरेसं बोललं गेलं का, हा प्रश्न विश्वस्तांनी स्वतःला आधी विचारायला हवा होता. निवडून येणं म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंतची मोकळीक नव्हे.

स्टॉर्नोवे ट्रस्ट अनेक दशकं जवळजवळ एकटाच होता. मग १९९३ साली मुख्य भूमीवरच्या असिंटच्या क्रॉफ्टरांनी आपली जमीन विकत घेतली, १९९७ साली एग बेटाच्या लोकांनी. २००३ साली स्कॉटिश संसदेने जमीन सुधारणा कायदा केला. त्याप्रमाणे गावातले लोक मिळून संस्था काढतात, हद्द आखतात, आणि जमीन विकायला निघाली तर हद्दीतल्या मतदारांचं मतदान घेऊन ती आधी घ्यायचा हक्क त्यांना मिळतो. क्रॉफ्टरांच्या बाबतीत तर मालक तयार नसला तरीही. लुईसच्याच उत्तरेकडच्या बावीस गावांनी २००७ साली गॅल्सन इस्टेट घेतली. १९२३ साली ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची ही गावं. आता नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं, कारण कूळ म्हणून असलेले हक्क न गमावता मालक होता येत होतं. आज त्या द्वीपसमूहातली बहुसंख्य माणसं लोकांच्या मालकीच्या जमिनीवर राहतात.

नव्या ट्रस्टांचे संचालकही बहुतेक बिनपगारी. घरच्या हातमागावर हॅरिस ट्वीड विणणारा, फेरीबोटीवर काम करणारा, निवृत्त मास्तर. लहान जागी तीच माणसं अग्निशमन दलातही असतात, चर्चच्या समितीतही, गायरान समितीचे चिटणीसही. थकवा हा या कामाचा खरा शत्रू आहे. विकास अधिकाऱ्याचा पगार दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर असतो. अनुदान संपलं की शिकलेला माणूस निघून जातो आणि कागदपत्रं पुन्हा कुणा स्वयंसेवकाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतात. बैठकीत एखाद्याच्या भावाच्या जागेचा विषय निघाला तर त्याने ते आधी सांगून खोलीबाहेर जायचं, हा नियम. वीस घरांच्या गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक निघाले की बैठकीत उरणार कोण, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर कुणाला सोपा तोडगा सापडलेला नाही.

एगच्या लोकांनी २००८ साली स्वतःची वीज सुरू केली तेव्हा प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा घालून घेतली. श्रीमंताच्या घराला आणि म्हातारीच्या घराला सारखीच. किटली आणि धुलाईयंत्र एकाच वेळी लावताना विचार करायचा. हा नियम शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी केला आणि तो पाळला गेला.

स्टॉर्नोवेत मात्र वाऱ्याच्या वादानंतर काही काळ लोकांची मनं दुखावलेलीच होती. तरी कोर्टात समोरासमोर उभे राहिलेल्या माणसांना ट्रस्टच्या दारात यावंच लागतं. गायरानाचं कुंपण सरकवायचं असेल, मुलाला घर बांधायला क्रॉफ्टमधला कोपरा वेगळा काढायचा असेल, तर जमीनदार म्हणून ट्रस्टचं म्हणणं विचारलं जातं. अर्ज आत येतो, विश्वस्त तो वाचतात. अर्जदाराने गेल्या निवडणुकीत आपल्याला मत दिलं नव्हतं हे त्यांना ठाऊक असतं, पुढच्याही निवडणुकीत तो देणार नाही याचीही त्यांना कल्पना असते, आणि तरी कुंपण कुठे सरकवायचं ते त्यांना ठरवावं लागतं.